ग्रहणातली वांगी

एकोडी, ता. साकोली
६ ऑक्टोबर २००८

आदरणीय लक्ष्मणराव,
सप्रेम जयभीम.

हर्षाच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष आहे. भंडाऱ्याच्या सोनोग्राफीत शंका आली होती. शनिवारी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासून ते पक्कं केलं. आधी तुमची खुशाली विचारावी आणि मग हे लिहावं, हे मला जमलं नाही.

आम्ही चौघंही गेलो होतो. मी, रुखमिणी, जीवन आणि तुमची हर्षा. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त नेणारी नळी तयारच झालेली नाही. पोटात असेपर्यंत बाळाचं त्यावाचून अडत नाही, कारण त्याच्या वाट्याचा श्वास आई घेते. एक बारीक आडवाट असते, तिच्यातून थोडं रक्त जातं. जन्मानंतर ती आडवाट सगळ्याच बाळांची आपोआप बुजते. इतरांना तिची गरज उरत नाही. आपल्या बाळाची मात्र तीच एक वाट आहे. मुख्य पाट बंद आणि धानाच्या बांधीत पाणी येतं ते फक्त बांधाच्या भोकातून, असं मी मनाशी समजून घेतलं. बाई म्हणाल्या, बरोबर समजलात.

जन्मल्याबरोबर सलाइनमधून एक औषध सुरू केलं तर ती वाट उघडी राहते. मग ऑपरेशन करता येतं. ते औषध आणि ते डॉक्टर नागपूरला आहेत, साकोलीला नाहीत, पवनीलाही नाहीत. त्या दवाखान्याचा पत्ता पत्राच्या मागे लिहिला आहे. म्हणून बाळ नागपूरलाच जन्मायला हवं. पाडण्याची मुदत उलटून गेली होती, आणि हर्षाने ते विचारलंही नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं असतं हे मला कळतं. तरी हात जोडून सांगतो, हर्षाला या वेळी आसगावला नेऊ नका.

आणखी एक. विहीणबाईंना यातलं काही सांगू नका. ही विनंती हर्षाची आहे. ती म्हणाली, "आई माझ्यासमोर रडेल, मग मले रडताच येणार नाही." दुसरं कारण तिने सांगितलं नाही, पण मला ते माहीत आहे. ऑगस्टमध्ये ग्रहण होतं त्या संध्याकाळी ती आमच्याकडे वांगी चिरत बसली होती. रुखमिणी तिला म्हणाली होती, आपण हे काही मानत नाही, चीर खुशाल. विहीणबाईंना हे ठाऊक आहे. उद्या दोष कोणाच्या माथी येईल, याची पोरीला भीती आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की हृदय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडून जातं, ग्रहण त्याच्या नंतरचं. पण हे कोणाकोणाला समजावत बसायचं?

तुमचा फोन शेजारच्या दुकानात येतो, म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे.

आपला,
यादोराव मेश्राम

आसगाव, ता. पवनी
११ ऑक्टोबर २००८

यादोराव व्याह्यांना,
सप्रेम जयभीम.

पत्र शाळेत मिळालं. हेडमास्तरांनी विचारलं, कोणाचं? म्हटलं, व्याह्यांचं, धानाची हालहवाल कळवली आहे. मग दिवसभर पगारपत्रकात चुका करत राहिलो.

परवा दसऱ्याला आम्ही दोघंही दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत निघताना शेवंताबाईला बस स्टॅंडवर बसवलं, तिच्यासाठी गोळ्या आणतो म्हणालो, आणि तुम्ही लिहिलेल्या त्या दवाखान्यापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून दार पाहिलं. एक बाई बाळाला छातीशी धरून बाहेर आली. बाळ रडत होतं, म्हणजे चांगलंच होतं, असं समजून मी परत फिरलो. गोळ्या आणायच्या राहिल्या. त्यावरून बसमध्ये भांडण झालं, ते एका अर्थी बरंच झालं. तिने दुसरं काही विचारलं नाही.

घरी आल्यावर सांगितलं की बाळंतपण नागपूरला करायचं ठरतं आहे, जीवनरावांच्या साहेबांच्या ओळखीचा मोठा दवाखाना आहे. ती म्हणाली, "त्याइले आपलं घर लहान वाटून राहिलं काय? माह्या मायनं मले शेणानं सारवलेल्या खोलीत बाळंत केलं, मी मेली काय?" मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा तिने जो अर्थ काढला, तो तुमच्या घरासाठी चांगला नाही. तो बदलायला माझ्याकडे खरं सोडून दुसरं काही नाही, आणि खरं सांगायचं नाही.

राग उतरला की ती तुमची थट्टाही करते. काल म्हणाली, लेकरू यादोराव इवायाच्या रंगावर गेलं तर दिवा लावून पाहावं लागन. हे तुम्हाला कळवतो, कारण माझं हसू सध्या तेवढंच आहे.

हर्षाला म्हणावं, बाप कोणाला काही सांगणार नाही.

आपला,
लक्ष्मण रामटेके

एकोडी
२३ नोव्हेंबर २००८

लक्ष्मणराव,
सप्रेम जयभीम.

गुरुवारी पुन्हा नागपूरला जाऊन आलो. दोष आहे तसाच आहे. वाढला नाही, कमीही झाला नाही. बाळाचं वजन चांगलं वाढतं आहे. तिकडच्या ऑपरेशनच्या डॉक्टरांशीही बोलणं झालं. त्यांनी खोटी आशा दिली नाही. म्हणाले, एवढ्या लहान छातीत काम करायचं आहे, काही बाळं निघतात, काही निघत नाहीत. वेळेत हाती आलं तर आम्ही पूर्ण प्रयत्न करू. त्या "वेळेत" शब्दावर त्यांनी दोनदा जोर दिला. तारीख जानेवारीच्या अखेरची आहे. जानेवारी लागला की हर्षाला घेऊन आम्ही नागपूरला जीवनच्या मित्राच्या खोलीवर राहायला जाऊ.

जीवन पडद्याकडे पाहत होता. तपासणीवाल्या बाईंनी आवाज मोठा केला, तेव्हा धडधड सगळ्या खोलीत भरली. परतताना वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलावर तो म्हणाला, "बाबा, आवाज तर एवढा चांगला होता."

इकडे गावात वेगळीच कुजबुज आहे. मेश्रामांची सून सारखी नागपूरला जाते, म्हणजे पोरगा का पोरगी ते पाहायला जात असणार. बोरिंगवर एकीने रुखमिणीला विचारलंच, "काय निंगलं मंग, मामीजी?" रुखमिणीने घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "लेकरू निंगलं." घरी येऊन मात्र बराच वेळ घागर न उतरवताच उभी होती.

धानाची कापणी झाली, आता मळणीचं चुरणं चाललं आहे. हर्षाला आम्ही खळ्यावर येऊ देत नाही, तरी ती येते आणि तणसाच्या ढिगाला टेकून बसते. तिला आईची आठवण येते, हे दिसतं.

विहीणबाईंना सांगा, लेकरू माझ्या रंगाचं निघालं तर खुशाल दिवा लावून पाहा.

आपला,
यादोराव

आसगाव
१५ डिसेंबर २००८

इहीनबाईले शेवंताबाईचा जयभीम.

मी चवथीवरी शिकली. अक्षर वाकडं हाय, मन वाकडं नाई. म्हणून सरळ इचारतो. माह्या पोरीले काहून पाठवत नाई तुमी? सातवा सरला, आठवाबी सरत आला. ओटी भराची राहिली. गावातल्या बाया इचारतेत, हर्षा कधी येते म्हणून. मी का सांगू? इवाई मोठे झाले, त्याइले नागपूर पाह्यजे?

आमच्या यायले इचारलं तर थे कुकुरमुकुर करते, चष्मा पुसते, अन् अंगणात निंगून जाते. तुमचं त्यायचं काहीतरी चालू हाय. हुंड्या-मानपानाचं असन तर बोला. आपल्यात हुंडा नाई, म्हणून आमी देला नाई. एक पोरगी देली.

तुमी ग्रहनात तिले वांगी चिरायले लावली होती. पोरीनंच हासत हासत सांगतलं होतं. तवाबी मी काही बोलली नाई. तुमचं घर, तुमची रीत. पन पयलं बाळंतपण माह्या घरचं. नाताळाच्या सुट्ट्यात मी येऊन राहिली. तिले घेऊन जाईन. दाराशी उभी राहीन, पन घेतल्याशिवाय जाणार नाई.

नातवासाठी गोधडी शिवली हाय. माह्या लग्नाच्या पातळाची.

शेवंताबाई

एकोडी
२५ डिसेंबर २००८

लक्ष्मणराव,
जयभीम.

विहीणबाई आज हर्षाला घेऊन निघाल्या. मी अडवायला हवं होतं का, हे दुपारपासून मनात चालू आहे. खरं सांगितल्याशिवाय अडवता येत नव्हतं, आणि हर्षाने डोळ्यांनी मला मनाई केली. ती म्हणाली, "मामाजी, आठ दिवस जाऊन येतो. बाळ पोटात आहे तोवर त्याले काही होत नाही, बाईंनीच सांगितलं. मले मायच्या हातचं खायचं आहे." बाईंनी तसं सांगितलं होतं, हे खरं आहे.

जीवन दोन तारखेला जीप घेऊन येईल आणि तिथूनच तिला नागपूरला नेईल. तोवर तुम्ही घर सोडू नका. कळा लागल्याचा संशय जरी आला, तरी पवनीला न थांबता सरळ नागपूर.

रुखमिणीने विहीणबाईंच्या पत्राला उत्तर लिहिलं होतं. मी ते टाकू दिलं नाही. त्यात सगळं होतं.

आपला,
यादोराव

नागपूर
४ जानेवारी २००९

यादोराव व्याह्यांना,
जयभीम.

बाळ औषधाच्या सलाइनवर आहे आणि तिचा रंग थोडा बदलला आहे. मंगळवारी सकाळी ऑपरेशन करायचं, हे आज मोठ्या डॉक्टरांनी जीवनरावांना सांगितलं. तुम्ही परवा इथून निघालात तेव्हा यातलं काहीच ठरलं नव्हतं, म्हणून आधी हे कळवतो.

परवा तुम्ही मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते आता लिहितो.

तीस तारखेला शिक्षण खात्याच्या कामासाठी मला भंडाऱ्याला पाठवलं. नाही म्हणण्याचं कारण देता आलं नाही. हर्षाला विचारलं, ती म्हणाली जा, मी ठीक आहे. काम लांबलं, मुक्काम पडला. एकतीसच्या सकाळी तिला एकाएकी कळा आल्या, आणि जीप येईपर्यंत घरीच मोकळी झाली. बाळ लगेच रडलं, दूधही ओढलं. पण हर्षाचं रक्त थांबेना. त्याच जीपने तिला पवनीला नेलं. तिथे सगळे तिच्यामागे लागले. रडणाऱ्या, दूध पिणाऱ्या बाळाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. शेवंताबाई बाळाला घेऊन घरी परतली आणि वारा लागू नये म्हणून आतल्या खोलीत दार लावून बसली.

हर्षा अर्धवट शुद्धीत होती. तिच्या तोंडी एकच शब्द होता, नागपूर. शेवंताबाईने निघताना तो ऐकला होता. तिला वाटलं, सासरच्यांनी पढवलेलं. ती म्हणाली, "आता कायचं नागपूर, बाई? झालं न सुखरूप."

एक तारखेला दुपारी मी आलो. अंगणातूनच तिने सांगितलं, पोरगी झाली, अन् यादोराव इवायाच्याच रंगावर गेली. हसत होती. मी आतल्या खोलीत गेलो. तिथे अंधार होता. गोधडीत बाळ शांत होतं, फार शांत. मी तिला उचलून दारात, उन्हात आणलं. बाप्पा, काय करून राहिले, वारा लागन, असं ती मागून ओरडत होती. बाळाचे ओठ आणि नखं पिकल्या जांभळासारखी होती. आपण दिवा लावून पाहायची थट्टा केली होती. दिवा कोणी लावला नाही.

तिथेच, दारात, मी शेवंताबाईला सगळं सांगितलं. ती खाली बसली नाही, रडली नाही. गोधडी घेऊन माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसली. उमरेडच्या रस्त्यावर एवढंच म्हणाली, "मले सांगतलं असतं तर मी तिले पायी नेली असती."

परवा दवाखान्याच्या व्हरांड्यात ती रुखमिणीबाईंना जे बोलली ("ग्रहनात वांगी चिरायले लावली, थेच भोवलं"), ते चुकीचं होतं. चार माणसांसमोर बोलली, म्हणून माफीही चार माणसांसमोर मागायला हवी. विहीणबाई काही न बोलता उठल्या, हे मी पाहिलं. मागे चाकाच्या खुर्चीत, त्याच सकाळी पवनीहून इकडे आणलेली हर्षा होती, हे मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.

टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे पत्र जीवनरावांच्या मित्राच्या हाती पाठवतो. मंगळवारी याल ना?

आपला,
लक्ष्मण

एकोडी
१७ फेब्रुवारी २००९

लक्ष्मणराव,
सप्रेम जयभीम.

हर्षा काल पहिल्यांदा शेतावर गेली. रुखमिणी सोबत होती. बोडीच्या पाण्याकाठच्या पाळीवर, जिथे आपण बाळाला ठेवलं, तिथे दोघी बसून आल्या. तुम्ही त्या दिवशी रोवलेलं मोहाचं रोप जगलं आहे. शेळ्या खाऊ नयेत म्हणून मी काट्या लावल्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. तेव्हापासून तुम्ही आम्हा तिघांना, मला, रुखमिणीला आणि जीवनला, एकच प्रश्न विचारत आला आहात, तो एक दिवस गेला नसता तर? मीही गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, उशिराने नुकसान झालं हे खरं. वेळेत आली असती तर वाचलीच असती, असं मात्र मी सांगू शकत नाही. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही आणि सुटकाही दिली नाही. तुम्हाला मी तेच जसंच्या तसं देतो. शेवटी लपवायला सांगणारं पत्र माझ्या हातचं होतं.

आता विहीणबाईंबद्दल. त्या दोनदा आल्या, हर्षा बोलली नाही, त्या परत गेल्या. आई म्हणून त्यांना वाटतं की पोर आपल्याला दोष देते. तसं नाही. परवा ती रुखमिणीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मायले सांगू नोका, हे मीच म्हटलं होतं. आता तिच्याकडे कोणत्या तोंडानं पाहू?" हे तुम्ही विहीणबाईंना सांगा. या वेळी लपवू नका.

आणखी एक सांगायला हवं. घरात वांगी आली की ती उठून जाते. आपल्याकडच्या वांग्यांचा तिला किती सोस होता, तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा चित्र काढून समजावलं. तिने मान हलवली. घरी आल्यावर विळीकडे पाहत मला विचारलं, "मामाजी, खरंच वांग्यामुळे नाही ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग माय कायले म्हणाली?"

बोलणं रुखमिणीला लागावं म्हणून होतं. लागलं दुसरीकडेच.

पुढच्या वेळी पाचव्या महिन्यातच हृदयाची तपासणी करायची, असं बाईंनी लिहून दिलं आहे. पुढची वेळ यावी, असं हर्षा अजून म्हणत नाही.

आपला,
यादोराव

आसगाव
१४ जुलै २००९

रुखमिणीबाईले शेवंताबाईचा जयभीम.

यायनं मले तुमच्या यजमानाचं पत्र फाल्गुनातच वाचून दाखवलं होतं. मी लय दिवस उत्तर देलं नाई. का लिहू, समजे नाई. लिहाले बसली का गोधडी समोर येते.

मी बोलली तुमाले, अन् लागलं माह्या पोरीले. चिरत होती थे. म्हणजे मी माह्याच लेकीले म्हणली का तुह्या हातानं झालं. हे माह्या ध्यानात आलंच नाई. तुमच्या ध्यानात तवाच आलं असन, म्हणून तुमी उलटून बोलल्या नाई. तुमची माफी मी चार बायायच्या समोर मागीन. पन तिची कशी मागू? तोंडानं सांगतलं का वांग्यानं काही होत नाई, तर थे मान हालवन अन् उठून जाईन. डाक्टरीनबाईचं आयकलं नाई, माह्यं कायले आयकन?

यायनं पेपरात वाचलं, पुढच्या बुधवारी, बावीस तारखेले, मोठं ग्रहन हाय. मागच्यापेक्षा मोठं. दिवस निंगताच लागते म्हणते. इथं बाया आतापासून सांगून राहिल्या, कोनी चूल पेटवू नोका, कोनी चिरू नोका.

मी आदल्या दिवशी, मंगळवारी निंगतो. भंडाऱ्याले गाडी बदलीन, साकोलीवरून संध्याकाळवरी तुमच्या घरी येतो. तुमची रोवणी चालू असन, कोनाले घ्याले पाठवू नोका. हर्षाले सांगून ठेवा, माय येऊन राहिली म्हणून. आता काहीच लपवाचं नाई. कायले येते म्हणून इचारलं तर थेबी सांगा.

वांगी मी इथून आणतो, वाडीतली, लहान लहान काटेरी, तिले आवडते तशी. तुमी फक्त पावशी, तुमची थे विळी, घासून ठेवा, धार बसवून. बुधवारी सकाळी ग्रहन लागलं का मी आंगनात बसीन, सगळ्या गावाले दिसन तशी, अन् माह्या हातानं वांगी चिरीन. ग्रहन सुटेवरी चिरीन. थे आली तर माह्या बाजूले जागा ठेवीन. नाई आली तरी मी बसीन.

भाजी तुमी टाका. तुमच्या हातची तिले आवडते, थे तिनं मले मागंच सांगतलं होतं, तवा मले राग आला होता.

हर्षा खाते का नाई, थे बुधवारी समजन.

शेवंताबाई